घर गेलं, जमीन राहिली

"घर विकलं. जमीन नाही, फक्त घर," म्बाक म्हणाली, तेव्हा मला वाटलं, तिला नीट हिंदी शब्द सापडत नाहीये. घर विकलं म्हणजे जागेसकट विकलं. घराखालची जमीन ठेवून नुसतं घर कोण विकतं? मी परत विचारलं. तिने इस्त्री बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी हवेतून काहीतरी उचलल्यासारखं केलं आणि ते उचललेलं भिंतीपलीकडे नेऊन ठेवल्यासारखं दाखवलं.

"असं," ती म्हणाली. "खलास."

इथे आखातात, जनाबियातल्या ज्या घरात मी स्वयंपाक करते, तिथे ती माझ्या आधीपासून आहे. घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळे युम्मा म्हणतात, म्हणजे आई. त्यांची अंघोळ, औषधं, वेणीफणी, त्यांच्याशी भांडणं आणि त्यांना हसवणं, सगळं तिच्याकडे. ती जावाची, इंडोनेशियातली. म्बाक हे तिचं नाव नव्हे. त्यांच्यात थोरल्या बहिणीला तसं म्हणतात, आणि ती माझ्याहून मोठी, म्हणून मी तसं म्हणते. ती मला ताई म्हणते, ते तिने माझ्याकडूनच उचललं. आमचं बोलणं निम्मं मोडकं हिंदी, निम्मं अरबी. इथे मी ते मराठीतच लिहिते आहे.

आमची दोस्ती भातावरून झाली. मी संगमेश्वराकडची, माझ्या माहेरी भातशेती. मी नवीन होते तेव्हा तिने मला फोनवर त्यांच्या शेताचा व्हिडिओ दाखवला. बायका गुडघाभर चिखलात ओळीने वाकून, मागे मागे सरकत लावणी करत होत्या. डोक्यावर टोपल्यांएवढ्या मोठ्या बांबूच्या टोप्या, एवढाच काय तो फरक. मी म्हटलं, ही तर माझी चुलती! ती पोट धरून हसली. मग रोज काही ना काही निघायचं. त्यांच्या गावामागे एक डोंगर आहे, त्यातून अधूनमधून धूर येतो. त्या डोंगराचं पाणी पाटाने वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरतं, म्हणून त्यांची भातं वर्षातून दोनदा, कधी तीनदाही होतात. पाणी कोणाच्या खाचरात आधी जायचं यावरून तिथेही भांडणं होतात. ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

तिचे वडील वारले होते. आई गावात एकटी. पाठचा एक भाऊ, तो लग्न होऊन त्याच गावात बायकोच्या घरी राहत होता. वडिलांची जमीन थोडीच, चार खाचरं, आणि आई आहे तोवर ती वाटायची नाही असं ठरलेलं. वाटणीची त्यांची रीत तिने मला एकदा भाजी निवडताना सांगितली. मुलाला कावड, मुलीला झोळी. म्हणजे मुलगा खांद्यावर कावड घेतो, तिला दोन टोपल्या असतात, म्हणून त्याला दोन वाटे. मुलगी पाठीवर कापडात बांधून एकच ओझं नेते, म्हणून तिला एक.

"आणि तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"आमच्याकडे कायद्याने सारखं," मी म्हटलं. "पण मुली सही करून सोडून देतात."

"कशाला?"

"माहेर राहावं म्हणून," मी म्हटलं. तिला ते समजलं नाही. मीही जास्त समजावत बसले नाही, कारण माझ्या भावाचे फोन तेव्हा सुरू झालेच होते. पुढच्या सुट्टीत आलीस की तालुक्याला जाऊन हक्कसोड करून टाकू, असं तो म्हणायचा, आणि मी बरं म्हणायची.

म्बाकचा जीव जमिनीपेक्षा घरात होता. तिच्या पणजोबांनी बांधलेलं सागवानी घर, मधे चार मोठे खांब, त्यावर उंच चढत गेलेलं छप्पर. कुठेही खिळा नाही, लाकडात लाकूड अडकवलेलं. इथे आल्यापासून तिने त्या घरासाठीच केलं. आधी कौलं बदलली, मग एका भिंतीच्या वाळवी लागलेल्या फळ्या बदलल्या, मग मातीच्या जमिनीवर फरशी बसवली. फरशीचे फोटो तिने घरच्या मालकीणबाईंना, म्हणजे मॅडमनासुद्धा दाखवले होते. म्हातारपणी आपण तिथे राहणार, समोरच्या ओसरीवर चटई टाकून दुपारी झोपणार, असं ती सांगायची. नवरा तिला कधीच सोडून गेला होता. मूलबाळ नव्हतं. ते घरच होतं.

युम्मांकडे शुक्रवारी दुपारी जेवायला सगळी मुलं-सुना-नातवंडं येतात. परातभर मछबूस, म्हणजे मटण घातलेला मसालेभात होतो, भांड्यांचा डोंगर पडतो, आणि मग सगळं घर झोपतं. तेवढा वेळ आम्हा दोघींचा. कपडे धुवायच्या खोलीत एसीखाली बसून ती आईला फोन लावायची, मी चहा करायची. त्या शुक्रवारी फोन लागला तेव्हा मी शेजारीच होते. आईच्या चेहऱ्यावर फार उजेड होता. नेहमी तिच्या मागे काळोखी लाकडी भिंत दिसायची. आज मागे केळीची पानं दिसत होती, आणि आभाळ.

म्बाकने काहीतरी विचारलं. आई दुसरंच बोलली. म्बाकचा आवाज चढला. आईने फोन छातीशी धरला, आम्हाला नुसतं तिच्या झग्याचं फुलाफुलांचं कापड दिसत राहिलं. शेवटी शेजारच्या कुणा मुलीने फोन हातात घेतला आणि वळवला.

फरशी होती. म्बाकने बसवलेली, तीच. फरशीच्या मधे चार दगड होते, ज्यांवर ते खांब उभे असत. बाकी काही नव्हतं. मागची विटांची चूल-खोली तेवढी शिल्लक होती, आणि आईने आपलं अंथरूण तिथे नेलं होतं. फोन ठेवून तिने इस्त्री हातात घेतली आणि तेव्हाच मला म्हणाली, जमीन नाही, फक्त घर विकलं. माणसं येऊन, एकेका तुळईवर खडूने आकडे घालून, सगळं घर उतरवून ट्रकात भरून घेऊन गेली होती. शहराबाहेर कुणी पाहुण्यांसाठी लॉज बांधत होता, त्याला जुनं घर हवं होतं. तिकडे तशी घरं उतरवतात, विकतात, दुसरीकडे उभी करतात. हे म्बाकला ठाऊक होतं. ते आपल्या घराचं होईल हे तिच्या डोक्यात नव्हतं.

तिने भावाला फोन लावला. तो शांतपणे बोलत होता, ती ओरडत होती. नंतर तिने मला सांगितलं, भाऊ म्हणाला, "जमिनीला मी हात लावला नाही. त्या जागेवर आईला सिमेंटचं घर बांधून देतोय. तू पैसे पाठवलेस, कबूल. पण पावसात छप्पर गळायचं तेव्हा वर कोण चढायचं? तू?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. तोच चढायचा," ती म्हणाली.

मॅडम वाईट नाहीत. त्यांनी सुट्टी द्यायचं कबूल केलं, पण रमजान तोंडावर होता, घरात माणूस हवं होतं. ईद झाली की जा, म्हणाल्या. म्बाक इंशाल्ला म्हणाली आणि कामाला लागली. पण तिचं लक्ष उडालं. युम्मांच्या गोळ्या एकदा चुकल्या, नशिबाने साध्याच होत्या. युम्मांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी तिला समोर बसवून सगळं काढून घेतलं. मला वाटलं, जुन्या बाई, देवाची मर्जी म्हणून समजूत घालतील. कसलं काय! त्या रागाने लाल झाल्या. लहानपणी त्यांच्या वडिलांची खजुराची बाग होती, बागेत गोड्या पाण्याचा झरा होता, आणि वडील गेल्यावर भावांनी ती परस्पर विकली होती. "मी रडून गप्प बसले," त्या म्हणाल्या. "तू बसू नकोस. यल्ला, जा. त्याच्या तोंडावर बोल." आणि मग, मायेने की रागाने कोण जाणे, त्यांनी तिच्या हातावर चापट मारली.

ईदनंतर ती गेली. तिची कामं माझ्याकडे आली. याच दिवसांत दादाचा परत फोन आला, गणपतीला येतेस ना, कागद तयार करून ठेवतो. मी डाळ फोडणीला टाकत होते. मी काही ठरवून बोलले नाही. तोंडातून निघून गेलं, "दादा, माझं नाव सातबाऱ्यावर राहू दे की. मला काही नको, नुसतं नाव."

तो म्हणाला, "तिकडे तुला काय कमी पडलंय?"

"कमी नाही रे."

"मग कुणी शिकवलं तुला हे?"

मी म्हटलं, कुणी नाही. त्याने फोन ठेवला. नवरा अमवाजला एका घरी ड्रायव्हर आहे. संध्याकाळी तो मालकाची गाडी तिथे सोडून घरी आला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता तुझं माहेर तुटलं बघ." चेष्टेतच म्हणाला, पण मला ती चेष्टा लागली. त्यानंतर दादाला फोन केला की वहिनी उचलते. दादा शेतात आहे म्हणते, भरउन्हाळ्यातसुद्धा.

म्बाक सुट्टी संपायच्या आधीच परत आली. वाळली होती. पहिले दोन दिवस ती नुसती युम्मांच्या खोलीत बसून राहिली. मग एका दुपारी, मी पीठ मळत असताना, ओट्याला टेकून सगळं बोलली.

ती भावाशी भांडायला गेली होती. भांडली. अंगणात, शेजाऱ्यांसमोर. भाऊ खाली मान घालून ऐकत होता. मग आई चूल-खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "त्याला बोलू नकोस. मी विकायला सांगितलं."

आईला त्या घरात एकटीला भीती वाटायची. वारा सुटला की फळ्या वाजायच्या. रात्री बाहेर जायला अंगण ओलांडावं लागायचं. आणि आई म्हणाली, "खाचरं वाटता येतात. बांध घालायचा, झालं. घराला बांध कुठे घालणार? मी मेल्यावर तुम्ही दोघं त्यावरून एकमेकांचं तोंड पाहणार नाही. मी असतानाच ते जाऊ दे म्हटलं."

"मला का नाही सांगितलं?" म्बाकने विचारलं.

"तू कौलं पाठवत होतीस," आई म्हणाली.

हे सांगताना म्बाक रडली नाही. माझे हात पिठाचे होते, नाहीतर मी तिला जवळ घेतलं असतं. तशीच उभी राहिले.

तिने मग एक गोष्ट केली, ती भावालाही सांगितली नाही. त्या लॉजचा पत्ता काढून ती बसने तिथे गेली. घर उभं होतं. पॉलिश मारून चकचकीत केलेलं. त्यांच्यात घराचं तोंड दक्षिणेला ठेवायची रीत आहे. यांनी रस्ता उत्तरेला म्हणून दार उत्तरेला फिरवलं होतं. आत जाऊन ती मधल्या चार खांबांपाशी उभी राहिली. जिथे तिच्या वडिलांनी शेवटचा श्वास घेतला, तिथे थंड पेयांचं कपाट होतं. एक पोरगी हसत पुढे आली आणि तिने विचारलं, आपलं बुकिंग आहे का?

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, संडास कुठे आहे. तिने दाखवला. मी जाऊन आले आणि निघाले."

निघायच्या आधी तिने आपला वाटा मागितला. आई जिवंत असतानाच, आत्ता. गावच्या मुख्याला बोलावून खाचरं मोजली. भावाला कावड, तिला झोळी. तिच्या वाट्याला पाटाच्या शेवटचं खाचर आलं. पाणी तिथे सगळ्यांत शेवटी पोचतं. भाऊ म्हणाला, हवं तर बदलून घे, पाटाजवळचं घे. ती हट्टाने नको म्हणाली. रीतीप्रमाणे जे आलं ते.

"मग आता ते कसणार कोण?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्दाम विचारलं. "तोच," ती म्हणाली. "दुसरं कोण आहे? निम्मं पीक त्याचं, निम्मं माझं. माझं आईला द्यायचं."

म्हणजे सगळं होतं तसंच झालं होतं. फक्त मधे एक नवा बांध पडला होता.

याला आता वर्ष होत आलं. सिमेंटचं घर झालं, लहानसं, गुलाबी रंगाचं. आत लागूनच संडास-न्हाणी, भिंतीला टाइल्स. परवाच्या शुक्रवारी आईने फोन हातात धरून आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. नळ सोडून दाखवला. दिवा लावून, विझवून, परत लावून दाखवला. एवढी आनंदात मी त्या बाईला कधी पाहिली नव्हती. म्बाक हो हो करत होती, पण तिचा जबडा आवळलेला होता. भावावरचा तिचा राग कधीच उतरलाय, त्याच्याशी ती बियाण्याबद्दल, खताबद्दल बोलते. आईचा हा आनंद मात्र तिला सोसत नाही. ते तिला कळतं, आणि कळतं म्हणून जास्तच त्रास होतो.

फोन ठेवल्यावर मी चहा ओतला. तिने कप हातात घेतला नाही.

"शेवटी काय विचारत होती आई?" मी म्हटलं.

"खिडक्यांना पडदे कुठल्या रंगाचे लावू, म्हणे."

"मग?"

"म्हटलं, त्याला विचार."

आतून युम्मांनी हाक मारली आणि ती उठून गेली.