जॅझवाल्या नवरदेवाची वरात

सासऱ्यांची अट एकच होती: जावई बँडवाला नको. वैजापूरला त्यांची कांद्याची आडत. "पोरगं शेंद्र्याला कंपनीत हाय, तेवढं लई झालं. ते गाल फुगवायचं आजपासून बंद," ते म्हणाले. त्यांची मुलगी मला इतकी आवडली होती, की मी पटकन "व्हय" म्हणून मोकळा झालो.

सुट्टीच्या दिवशी मी आमच्या बँडचा मास्तर असायचो. वरातीत चार गाणी लोकांच्या फर्माइशीची वाजवायची आणि पाचवं माझं, जॅझ. मोबाइलवर ऐकून शिकलेलं, त्यामुळे त्याला जॅझ म्हणावं का, याबद्दल आमच्या क्लॅरनेटवाल्याला आजही शंका आहे. त्यात सूर मधेच वाट सोडतो आणि हिंडून परत येतो. तो हिंडायला गेला की नाचणारे थांबून माझ्याकडे रागानं बघतात. मला त्याहून मोठं सुख माहीत नाही. अट कबूल केल्यावर माझं ट्रंपेट क्लॅरनेटवाल्याच्या हवाली केलं आणि घरी येऊन उपाशीच झोपलो.

लग्नात बँड नको म्हणून सासऱ्यांनी स्वतः डीजे ठरवला. कार्यालयाची कमान दिसायला लागली आणि डीजेचा जनरेटर बसला. सगळं एकदम शांत झालं. माझी घोडीही थांबली.

"ही बँडची घोडी हाय," घोडीवाला म्हणाला. "वाजल्याबिगर पाऊल टाकीत नाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी परात बडवली. घोडीला ते संगीत वाटलं नसावं. उतरून चालत जातो म्हणालो, तर सासरे कमानीतून ओरडले, "नवरदेव मधीच उतरत नसतो! बसून ऱ्हावा!" बसून राहिलो. फेट्यातून घाम गळत होता आणि भुकेलं वऱ्हाड माझ्याकडे असं बघत होतं, जणू मीच पाय रोवून उभा आहे.

पाहुणा म्हणून आलेल्या क्लॅरनेटवाल्यानं चमचमत्या कागदात गुंडाळलेला आहेर वर दिला. "मंडपात देणार व्हतो. आताच फोड."

आत माझंच ट्रंपेट होतं. मुंडावळ्या बाजूला सारून ते ओठांना लावलं. फर्माइशीचं काहीतरी वाजवायचं ठरवलं होतं, पण इतक्या दिवसांच्या उपवासानंतर जॅझच बाहेर पडलं. घोडी निघाली. सूर वाट सोडायचा तशी तीही रस्ता सोडायची. पानटपरीला वळसा घालून आली. वऱ्हाडानंही वळसा घातला.

कमानीत सासरे आडवे आले. "बंद करा ते!"

मी बंद केलं. घोडी तिथंच थांबली, निम्मी आत, निम्मी बाहेर. आता कुणालाच आतबाहेर करता येईना. गलका ऐकून नवरी नटूनथटून पुढं आली.

"आबा, अट तुमची हाय," ती म्हणाली. "घोडी तुमीच वढा."

त्यांनी खरंच ओढली. त्यांचा फेटा सुटला, घोडी मात्र ढिम्म. शेवटी फेटा काखेत मारून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "वाजवा, जावईबापू."

मी ट्रंपेट उचललं, पण ओठांपाशी नेऊन परत खाली घेतलं.

"आता काय झालं?" सासरे हबकले.

"आजच्यापुरतं, का कायमचं?"

त्यांनी घोडीकडं पाहिलं. लेकीकडं पाहिलं.

"कायमचं वाजवा! पण आदी आत या, भात निवायला लागलाय."