दीड हजार घागरींचा तलाव

आमच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधायचं ठरलं, त्या दिवशी घरात दीड घागर पाणी होतं.

त्यातलीही अर्धी भांड्यांसाठी राखलेली! पाऊस दोन वर्षं लातूरकडे फिरकला नव्हता. नळाचा उपयोग आम्ही भाजीची पिशवी अडकवायला करायचो. (खुंटी म्हणून चांगला होता, त्याला नावं ठेवणार नाही.)

तलावाचं कारण आमची आई. थंडी सुरू झाल्यापासून तिचा उजवा गुडघा आखडला होता. नांदेडला मामा राहायचा, म्हणून तिथल्या हाडांच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं गुडघा दाबून, वाकवून, वर टकटक करून पाहिलं आणि म्हणाला, "बसून बसून आखडलाय. चाललं पाहिजे, पण भार नको. कमरेइतक्या पाण्यात रोज अर्धा तास चालवा. तीन महिन्यांत मोकळा झाला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन."

आईला ऑपरेशनचं काहीच वाटलं नाही. तिनं एकच विचारलं, "डाक्टर, चौदा एप्रिलला चालता येईल का?"

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आई दरवर्षी पांढरं पातळ नेसून पहिल्या रांगेत असायची, आणि पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत पायी. यंदाची तर लातूर जिल्हा झाल्यावरची पहिलीच मिरवणूक होती. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जिल्ह्याची मिरवणूक निघल, आन् मी वट्ट्यावर बसून बघू व्हय रे परकाश?" तिचे डोळे भरून आले होते. बाबा गेले तेव्हाच मी तिला रडताना पाहिलं होतं. मला ते सहनच झालं नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आई, पाण्याचं मी बघतो!"

(लातुरात, त्या वर्षी, शुद्धीवर असलेला माणूस हे वाक्य बोलत नसे.)

खरं तर नांदेडहून निघण्याआधी मामा म्हणाला होता, "अक्काला इथंच ऱ्हाऊ दे की. गोदावरी हाय ना!" आम्ही गोदावरी बघायला गेलो होतो. पात्रात क्रिकेटचा सामना रंगला होता आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर अंपायर बसला होता.

तेव्हा राहिला तलाव. मी नव्या जिल्ह्याच्या नव्या बांधकाम कार्यालयात आरेखक होतो. जिल्हा नवा, त्यामुळे सगळ्याच कचेऱ्या बांधायच्या होत्या. तोवर मी कागदावर एक कोर्ट, दोन गोदामं आणि साहेबांचा बंगला उभा केला होता. तलाव म्हणजे तर खड्डा! आणि कबूल करतो, मला कुतूहलही फार होतं. तलावात नेमकं पाणी किती मावतं, ते भरायला किती दिवस लागतात, हे आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

पहिला प्रश्न, घागरीत किती लिटर मावतं? दूधवाल्याचं लिटरचं माप मागून आणलं आणि घरातली भरलेली घागर मी मापामापानं रिकाम्या घागरीत ओतू लागलो. पंधरावं माप ओतलं आणि उठताना माझा पाय घागरीला लागला.

"अहो!" विमल, माझी बायको, स्वयंपाकघरातून धावत आली. "काय केलंत हे?"

"पंधरा," मी म्हणालो.

"काय पंधरा?"

"लिटर. एका घागरीत."

विमल दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेवढ्या शांततेत हिशेब पक्का झाला. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल, म्हणजे दीड हजार घागरी! टँकर दर तीन दिवसांनी येणार आणि घरटी चार घागरी देणार, म्हणजे तलाव भरायला तीन वर्षं आणि वर एक महिना.

"आन् तीन वर्षं प्यायचं काय?" विमलनं अबोला सोडला.

"ते अंदाजपत्रकात धरलेलं नाही."

मी तलाव आटवायला घेतला. आईला काही सूर मारायचा नव्हता, नुसतं चालायचं होतं. बारा फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल अशी चर केली, तर दोनशे चार घागरी. तरी पाच महिने! डॉक्टरनं दिले होते तीन. शेवटी गफूर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "साहेब, प्लास्टरला एकवीस दिवस पाणी मारावं लागतंय. त्याचं काय?"

"म्हणजे पाणी भरायच्या आधी पाणी?"

"हाव. न्हाईतर तडे जातेत. मग भरलेलं बी जातंय."

मी वेळापत्रकात एकवीस दिवसांचा आणखी एक पट्टा काढला. तो एप्रिल ओलांडून, मे ओलांडून, कागदाच्या कडेपर्यंत गेला. तरी मी हरलो नाही. खोदायला तर पाणी लागत नाही ना? मग खोदू, पुढचं पुढे!

रविवारी सकाळी गफूरमियाँनी अंगणात खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि चुन्याच्या फक्कीच्या दोन लांब पांढऱ्या रेषा मारल्या. मग आम्ही दोघं कोपऱ्यावर चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर दोन्ही रेषांवर घागरी! पितळेच्या, पत्र्याच्या, एक कळशी, एक तेलाचा डबा. सगळ्यात पुढे शेजारच्या हवालदारीणबाई.

"बाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?" मी विचारलं.

"नंबर लावून राहिले. टाकी बसणार न्हवं इथं?"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? जिल्हा झाला, तुम्ही हापिसातले, आन् तुमच्या दारात पांढऱ्या रेषा! मला कळलं म्हून पहिली आले."

आता रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांना 'हा पोहण्याचा तलाव आहे' असं सांगायला वाघाचं काळीज लागतं. मी म्हणालो, "अजून मंजुरी मिळालेली नाही." (हे खोटं नव्हतं. विमलनं दिली नव्हती.)

"साहेब, खोदू कुठं?" गफूरमियाँ कुदळ खांद्यावर घेऊन उभेच. खोदणार कुठे? रांगेतल्या घागरीला आमच्या गल्लीत मालकिणीइतकाच मान. ती हलवली तर आधी भांडण, मग पोलीस! दुपारपर्यंत रांग अंगणाबाहेर पडली आणि थेट पिठाच्या गिरणीला टेकली. एरवी टँकर गिरणीपाशी थांबायचा. पण रांगेचं तोंड जिथे, तिथे टँकर उभा, एवढाच ड्रायव्हरचा नियम. दुसऱ्या दिवशी टँकर आमच्या दारात आला आणि ज्यांचा थोडाफार विश्वास बसायचा राहिला होता, त्यांचाही बसला.

मग भांडणं जुंपली. आई ओट्यावर बसून ऐकत होती. थोडा वेळ तिनं बसल्या जागेवरून न्याय दिला, पण कुणी ऐकेना. तेव्हा ती काठी टेकत उठली.

"ए हवालदारीणबाई, ती लाल घागर म्होरं कशी आली गं?"

"आई, गुडघा!" मी ओरडलो.

"गुडघा ऱ्हाऊ दे बाजूला. तिकडं गिरणीपाशी कुणी दोन नंबर लावून राहिलंय, बघून येते!"

आई गिरणीपर्यंत जाऊन आली. आली तर इकडे घोटाळा, तो मिटवते तोवर पुन्हा तिकडे. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, भांडणं मात्र रोज असायची. फेब्रुवारीत तिनं काठी एका बाईला घागरींमधली हद्द दाखवायला दिली, ती परत मागितलीच नाही. मी रोज संध्याकाळी नकाशावर तलाव अर्धा इंच अरुंद करत होतो.

मार्चअखेर डॉक्टरनं गुडघा पाहिला आणि चष्मा काढला. "उत्तम! पाण्यात चालवलं ना?"

"पाण्याच्या कडंकडंनं चालले," आई म्हणाली.

"तलाव कुठे बांधलात?" त्यानं मला विचारलं.

"कागदावर," मी म्हणालो.

चौदा एप्रिल उजाडला. माझा तरी भरवसा नव्हता. आई मध्येच थकेल म्हणून मी एक सायकलरिक्षा ठरवून मिरवणुकीच्या मागे ठेवली. निळे झेंडे, ढोलांचा आवाज आणि पहिल्या रांगेत आई. ताठ! पहिलं पाऊल टाकताना तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी रिक्षाकडे बोट दाखवलं. तिनं मात्र पाऊल टाकलं ते टाकलंच. एक चौक झाला, दुसरा झाला, उन्हात डांबर मऊ झालं, तरी ती चालतेच आहे!

थकलो मी. तीन महिने बैठक मारून तलाव आखणाऱ्या माणसाच्या पिंढऱ्यांत तिसऱ्या चौकाच्या अलीकडेच गोळे आले. मिनिटभर टेकावं म्हणून मी रिक्षात बसलो. अंगात पांढरे कपडे, डोक्यावर रिक्षाचं छत. चौकात प्रमुख पाहुण्यांची वाट बघत उभ्या असलेल्या मंडळींनी पाहिलं आणि एकच गलका झाला, "आले, पाव्हणे आले!" काही बोलायच्या आत गळ्यात दोन हार.

"परकाश, उतर खाली!" पुढून आई ओरडली.

मी उतरायला पाय हलवून पाहिला. तो हलेना. तेवढ्यात एक कार्यकर्ता अदबीनं वाकला आणि माझ्या हातात माईक देत म्हणाला, "साहेब, दोन शब्द बोला."

"कशावर?"

"आता तुमच्यासारख्या मोठ्या मानसाला काय सांगावं? पाणीटंचाईवर बोला."

बोललो. वीस मिनिटं. बसूनच!