वैनीच्या लिलीचं पहिलं फूल

आमच्या वैनीला राग येत नाही, म्हणून मला तिच्या वाटणीचासुद्धा येतो. ही गोष्ट मीच सांगते त्याचं कारण तेच. ती सांगायला बसली तर दोन वाक्यांत उरकेल आणि वर म्हणेल, "त्यात काय एवढं?"

सत्यशीला माझ्या थोरल्या भावाची बायको. पाथरीला तहसील कचेरीत कारकून. लोक साहेबांच्या आधी तिच्या टेबलाशी येतात, कारण ती एकदा "होईल" म्हणाली की काम होतं. संध्याकाळी घरी आली की पर्स खुंटीला अडकवते आणि सरळ अंगणातल्या लिलींकडं जाते. दादा बिचारा म्हणतो, "आधी त्यांची चौकशी, मग आमची."

लिली आमच्याकडं दारोदारी असते, ती गावठी तांबडी. तिला काही करा, मरत नाही. म्हशीनं तुडवली, कांदा उपटून बांधावर फेकला, तरी उन्हाळ्यात दांडा वर काढतेच. पण वैनीला पांढरी पाहिजे होती. तिनं पुण्याच्या नर्सरीतून विलायती पांढरीचे कांदे आणले. फुलं आली चांगली वाटीएवढी, पण आमच्या काळ्या मातीत पावसाचं पाणी साचलं की कांदे सडून लगदा. एकच कांदा कुंडीत मुरूम घालून कसाबसा वाचला. शेजारीपाजारी म्हणाले, पांढरी लिली आपल्या मातीत होत नाही. वैनी म्हणाली, "मग आपल्या मातीतली पांढरी करू."

आता असं कुणी सहज बोलतं का? ही बाई बोलली आणि लागली की कामाला! गावठीच्या फुलातला पिवळा पराग कापसाच्या बोळ्यावर घेतला, कुंडीतल्या पांढरीच्या मधल्या दांडीच्या टोकाला लावला, फुलावर कागदी पिशवी बांधली. शेंग धरली, काळं चपटं बी निघालं, रोपं झाली. रोपं जरा मोठी झाल्यावर तिनं ती उघड्या काळ्या मातीत लावली. ना मुरूम, ना आडोसा.

"वैनी, मरतील की गं!" मी ओरडले.

"मरतील ती मरू दे. राहील ती आपली."

पावसाळे गेले. बहुतेक रोपं सडली. एक तेवढं राहिलं.

बियापासून केलेल्या लिलीला पहिलं फूल यायला चार वर्षं लागतात. तोवर नुसती पानं बघत बसायचं. रंग कोणता निघणार ते कुणालाच सांगता येत नाही, आणि तांबडा निघाला तर सगळी मेहनत पाण्यात. या उन्हाळ्यात त्या एकुलत्या कांद्यानं दांडा काढला, दोन कळ्यांचा. एक कळी अळीनं खाल्ली. मग वैनी रोज कचेरीला जायच्या आधी चष्मा लावून पान न् पान उलटं करून अळ्या वेचायची. मी पालमला मास्तरीण, शाळेला सुट्टी लागली म्हणून माहेरी आले होते, तर मलाही तिनं त्याच कामाला जुंपलं.

एका संध्याकाळी कळी टम्म फुगली. "उद्या उमलणार," वैनी म्हणाली. कुंडीतली विलायती पांढरीही तेव्हाच फुललेली होती. बेत असा, की नव्या फुलाचा रंग उजळ निघाला तर त्याचा पराग परत पांढरीला लावायचा. म्हणजे पुढची रोपं आणखी पांढरी आणि तेवढीच चिवट. पण पांढरीचं फूल आता मान टाकायला आलेलं. उद्याचा दिवस हुकला की वर्ष गेलं.

सकाळी उठून बघतो तर काय, नुसता दांडा! फूल गायब.

कुणी नेलं ते विचारायलाच नको. शेजारच्या सुमंगलाकाकू. पूजेसाठी दुसऱ्याच्या दारची फुलं तोडणं हा आमच्याकडं गुन्हाच नाही. उजाडायच्या आत परडी घेऊन निघायचं आणि कुंपणावरून हात घालायचा. देवासाठी नेलं म्हणजे चोरी नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आमची जास्वंद, आमची कण्हेर काकू रोज न्यायच्या आणि वैनीनं कधी हूं की चूं केलं नाही. पण हे फूल? माझं टाळकंच सरकलं.

"थांब, आज त्या म्हातारीला सोडतच न्हाई!" म्हणत मी पदर खोचला.

वैनीनं दांड्याच्या तुटल्या टोकाला बोट लावून बघितलं. "ताजं तुटलंय. पराग अजून चांगला असंल. चल," म्हणाली आणि कापूस घेऊन निघाली.

काकूंच्या ओसरीवर आमी शंभरदा बसलो असू. ओसरीच्या आत कधीच नाही. आमी बौद्ध, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुजारीपण. येऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं, या असंही म्हटलं नव्हतं. आमची फुलं मात्र रोज आत जात होती. माझे पाय सवयीनं ओसरीवर थांबले. वैनी थांबलीच नाही. माजघर ओलांडून थेट देवघरात. मग मीही मागोमाग गेले.

बाळकृष्णाच्या पुढ्यात फूल होतं. पांढरं! पांढरंशुभ्र, काठाला तेवढी तांबडी रेघ. वैनीचे डोळे भरून आले.

पाटावर बसलेल्या काकू दचकल्या. "अगं, अगं, सोवळं..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"काकू," वैनी म्हणाली, "हे फूल मी माझ्या हातानं जन्माला घातलंय. चार वर्षं वाट बघितली, अन् माझ्या आधी तुमच्या देवानं बघितलं. ऱ्हाऊ द्या त्याला. मला नुसता पराग पाहिजे. फूल इथं चालतंय, तर मी बी बसते दोन मिनिटं."

आणि बसली. हात जोडले नाहीत, परवानगी मागितली नाही.

काकू चिडक्या आवाजात म्हणाल्या, "अंधारात काय दिसायलंय तुला तिथं?" आणि निरांजन उचलून त्यांनी फुलाजवळ धरलं.

वैनीनं पराग टिपला, तशीच घरी आली आणि कुंडीतल्या पांढरीला लावला. ती पिशवी बांधत होती तेवढ्यात फाटक वाजलं. पूजा अर्धी टाकून काकू आलेल्या.

"मला काय ठाऊक गं," त्या म्हणाल्या. "अंधारात वाटलं, नेहमीचीच हाय. चुकलंच माझं." जरा थांबून त्यांनी विचारलं, "आता ह्याचं फूल कधी?"

"बी धरलं तर चार वर्षांनी."

"चार वर्षं! मी कुठली असते तोवर?"

"असाल की," वैनी दोऱ्याला गाठ मारत म्हणाली. "त्याचं पहिलं फूल तुमच्या देवाला. पण तोडीन मी, अन् आत आणून देईन बी मीच."

काकूंनी त्या बांधलेल्या फुलाकडं बघितलं, मग वैनीकडं.

"आण," म्हणाल्या. "तोवर मरत न्हाई मी."