बटन सर

आमच्या सरांना राग चढत नसे, लागत असे. दिवा लागावा तसा. बारामतीच्या आमच्या कॉलेजात, नव्वदीच्या त्या वर्षांत, इतर प्राध्यापकांचा राग टप्प्याटप्प्याने यायचा. आधी घसा खाकरणं, मग चष्मा काढणं, मग आमच्या वडिलांची चौकशी. कुठे थांबायचं ते कळायचं. सरांचं तसं नव्हतं. मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या फोडल्या, बेडूक पळू दिला, सर शांत. मग एकदा हातून नुसता खडू पडला, तर खिडकीतली कबुतरं उडाली.

म्हणून ते बटन सर. अर्थात नाव त्यांनीच पुरवलेलं. जनुकं शिकवताना ते सांगायचे, "काही जनुकं पंख्याच्या रेग्युलेटरसारखी. संकेत थोडा वाढला, काम थोडं वाढलं. काही मात्र बटनासारखी. अर्धं दाबा, काही नाही. पाऊण दाबा, काही नाही. आणखी केसभर, की लख्ख!" मी हे वहीत सुबक अक्षरात उतरवलं. डोक्यात उतरायला निमगाव केतकीला जावं लागलं.

तिथे सरांची डाळिंबाची बाग होती. बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. ते पुरतं कासावीस झालं की मग पाणी, मग फुलं. सरांच्या वडिलांना, आबांना, हे मुळीच मान्य नव्हतं. "झाडाला उपाशी मारून फळं मागतोय! औंदा बहार न्हाय आला तर बाग उपटायची आन् ऊस लावायचा," असं त्यांनी सांगून टाकलेलं. दिवाळीच्या सुट्टीत सरांना पेपर तपासायला बाहेरगावी जायचं होतं. बाग राखायला त्यांनी नेमकं मला निवडलं.

"काहीही करायचं नाही," ते म्हणाले. "जमेल?"

काहीही न करणं मला जन्मात जमलेलं नाही. आठवड्याभरात पानं पिवळी पडली आणि माझ्यातली दया आणि शास्त्र एकदमच जागं झालं. थोडं पाणी घातलं तर ताण थोडाच कमी होईल, बहारही थोडाच कमी येईल, असा माझा तर्क. विहिरीजवळच्या झाडांना रोज दोन-दोन बादल्या, मधल्या ओळींना एकेक. पलीकडच्या ओळींपर्यंत पोचायच्या आत कंबर धरायची, एवढंच त्या झाडांचं नशीब.

पुढे सर परतले, रीतसर पाणी सुटलं, फुलं लागली, आणि आबा बांधावरूनच ओरडले, "निम्मी बाग कोरी हाय! उद्याच्याला उपटायची!"

मी सरांपुढे सगळं कबूल केलं आणि डोळे मिटले. काहीच झालं नाही. सरांनी वही दिली. "एकेक झाड बघ आणि लिही." दोन ओळी बघून मी चिंचेखाली बसलो आणि लिहिलं, 'बाग सरासरी निम्मी फुलली.'

तेव्हा बटन लागलं.

"सरासरी?" विहिरीतले पारवे उडाले. "निम्मं फुललेलं एक तरी झाड दाखव मला!"

दाखवता येईना. आम्ही झाडन् झाड पाहिलं, मागून आबा. पलीकडच्या ओळी लालभडक, विहिरीकडच्या कोऱ्या. मधल्या, एकेक बादलीवाल्या ओळींत तर एक झाड फुलांनी वाकलेलं आणि शेजारचं पार रिकामं. अर्धवट म्हणावं असं एखाददुसरंच.

"लांबून बघितलं की रेग्युलेटर वाटतो," सर म्हणाले. "जवळ गेलं की सगळी बटनं."

आबा थबकले. "म्हंजी ह्यानं जितं पाणी घातलं न्हाय, तितंच समदं फुललं?"

"व्हय, आबा."

"मग बागंत खोट न्हाय, ह्या गड्यात हाय. बाग ऱ्हाऊ दे. ह्याला उपट."

बाग राहिली. मीही राहिलो, पदवी मिळेपर्यंत. तेवढ्या काळात सरांच्या तोंडून शाबासकीचा शब्द आला नाही. पुढच्या शिक्षणाला निघालो तेव्हा इंदापूरच्या स्टँडवर ते पोचवायला आले. गाडी हलली आणि त्यांनी एकदम खिडकीतून डाळिंबांची जड पिशवी माझ्या मांडीवर ढकलली. बघतो तर डोळे भरून वाहत होते. आधी पुसटशी सूचनाही नाही.

"बिनधास्त खा," गाडीबरोबर धावत ते म्हणाले. "पलीकडच्या ओळीतली आहेत. तू पोचला नव्हतास तिथली."