निकाहाची सीडी

काल मस्कतच्या खोलीत सिम बदलताना फोनच्या बारीक भोकात पिन दाबली आणि मन थेट मांडवीच्या घरी जाऊन पोचलं.

अब्बा जहाजावरून आले होते आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघणार होते. आपाचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, निकाह त्यांना बघायला मिळाला नव्हता. त्याची एकुलती एक सीडी लॅपटॉपमध्ये अडकली आणि लॅपटॉपही हँग झाला. आपाचा नवरा, आमचे दुलाभाई, सुरीने सीडीचा कप्पा उचकटायला लागले.

"ओढू नका, त्या बारीक भोकातून टाचणीने ढकलून बघू," मी घाबरतच म्हटलं. जाळ्यात गुंतलेला बांगडा ओढला की फाटतो, ढकलूनच सोडवावा लागतो, एवढं मला ठाऊक होतं.

"आठवीत शाळा सोडलीस, आता इंजिनियर झालास होय?" आपा म्हणाली. पण ओढणीची टाचणी काढून तिनेच दिली.

कप्प्याच्या तोंडावरच्या भोकात मी टाचणी दाबली. कप्पा अलगद बाहेर आला, सीडीवर ओरखडासुद्धा नव्हता.

लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. पडद्यावर दुलाभाई "कबूल" म्हणाले, तसे अब्बा उठले आणि शेजारी बसलेल्या दुलाभाईंना त्यांनी कडकडून मिठी मारली. "मुबारक, बेटा."

तेव्हा मला सीडी वाचल्याचाच आनंद होता. आता घरातली लग्नं माझीही चुकतात, तेव्हा कळतं, त्या दुपारी अब्बा निकाहाला पोचले होते.