ती दोन मिनिटं

परवा एसटी स्टँडवर माझ्यापुढे उभी असलेली एक मुलगी अचानक कोसळली आणि तिचे हातपाय झटके देऊ लागले. "चप्पल हुंगवा!", "हात दाबून धरा!" लोक ओरडू लागले. "धरू नका तिला," मी म्हणाले. डोक्याखाली माझी ओढणी ठेवली, तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघत बसले. दोन मिनिटांत झटके थांबले.

मलाही लहानपणापासून फिट येतात. पण फिट कशी दिसते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझी फिट आईने पाहिली, अख्ख्या वर्गाने पाहिली; मी तेवढी कधीच तिथे नव्हते. शुद्धीवर आले की भोवती नुसते चेहरे असायचे, आणि कोणी काही सांगायचं नाही.

हळूहळू मुलीने डोळे उघडले. "फिट आली होती. मी इथेच आहे," मी म्हणाले. तिने आपली ओढणी सारखी केली.

"सगळ्यांनी पाहिलं?"

खोटं बोलवेना. "हो. पण मलाही येते गं."

ती हाताचा आधार घेत उठून बसली.

"मग तुमच्याजवळ कोण बसतं?"

आई गेल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी तिला पाणी दिलं, तिच्या भावाला फोन लावून दिला, आणि तो येईपर्यंत तिचा हात सोडला नाही.