पेणच्या कागदाखालचं रोहा

रोह्याच्या ऑफिसचा आराखडा मी कार्बन पेपर घालून काढला होता. हसा. मीही हसते, पण चारचौघांत. एकटी असले की नाही हसू येत.

धरमतर बंदरात बार्जवरून माल उतरवणारी आमची कंपनी. मुख्य ऑफिस पेणला, शाखा रोह्याला. दोन्हीकडचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे ठरले. मुंबईच्या इंजिनियरने बजावलं होतं, की सॉफ्टवेअर टाकण्याआधी सगळं कागदावर आखा. सर्व्हर कुठला, कुठल्या मशीनला कुठला नंबर. मी तेव्हा पंचेचाळिशीची, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, नाकावर माशी बसू न देणारी. पट्टीने रेघा मारून पेणचा तक्ता केला आणि खाली कार्बन घातला. दोन्हीकडे तीनतीनच मशिनी, मग परत हात कशाला दुखवा? खालच्या प्रतीवरचं ‘पेण’ खोडून ‘रोहा’ लिहिलं. त्याची झेरॉक्स रोह्याला पाठवली. संपलं.

इंजिनियरने फोनवर विचारलं, "मॅडम, दोन्हीकडचे नंबर वेगळे आहेत ना?"

"म्हणजे काय! मी स्वतः केलंय."

सॉफ्टवेअर टाकलं. पेणला रोहा दिसेना, रोह्याला पेण. साहेब म्हणाले, "आठवड्यात जमलं नाही तर रोहा बंद. सगळं इथूनच करू."

रोह्याचे दोघे कायम होते, त्यांना पेणला घेतलं असतं. तिसरी कंत्राटावरची, जवळच्या निडी गावाहून गाडीने येणारी; माझ्या कागदावरून तिथल्या मशिनींत नंबर तिनेच घातले होते. नवरा गेल्यावर घर तिच्याच पगारावर चालायचं.

दुसऱ्याच दिवशी मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. सहा मशिनी, नंबर तीनच. एका नंबराची दोन घरं असली तर पोस्टमनने जावं कुठे? तोवर ऑफिसात बोलणं सुरू झालं होतं, की निडीच्या बाईनेच नंबर चुकीचे टाकले. आणि आमच्या विदुषीने, म्हणजे मीच, दोन्ही कागद ड्रॉवरमध्ये सारले. उद्या सांगू. उद्या साहेबांचं डोकं तापलेलं, परवा मी केबिनच्या दारातूनच परतलेली.

आठव्या दिवशी सांगितलं. साहेब म्हणाले, "आता काय उपयोग? रोह्याची जागा सोडल्याचं पत्र घरमालकाला कालच गेलं."

निडीची बाई रोह्याच्या किल्ल्या द्यायला पेणला आली, तेव्हा मी तिलाही सांगितलं. तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, पदराने हात पुसले.

"मला पयल्याच दिवशी कळलं होतं गो. कागदावर ‘पेण’ खोडलेलं होतं, नि अक्षर तुझं. मी कोणाला बोलले नाय. म्हटलं, तूच सांगशील."